"आठवा लागायच्या आत मोकळी करा हिला"

दिवस भरायच्या खूप आधी पाणी गेलेली बाई कॉटवर पडल्या पडल्या मला हमखास एकच विचारते, "ताई, माझ्याच हातून काही चुकलं असेल ना?" "नाही गं" असं म्हणून तिचं समाधान होत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. म्हणून इथल्याच, बडोद्यातल्या एका घराची हकिगत सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

माहेर-सासर दोन्ही दांडिया बाजारच्या आसपास, पहिलटकरीण. नवरा मकरपुऱ्याला जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत कामाला. तिसावा आठवडा चालू होता. पहाटे अंथरूण ओलं झालं. लघवी झाली असेल म्हणून तिने लाजून गुपचूप चादर बदलली. दुसरीही भिजली तेव्हा सासूबाईंना उठवलं. दवाखान्यात तपासलं, पाणीच गेलं होतं. कळा नव्हत्या. लगेच अ‍ॅडमिट करून घेतलं आणि बाळंत होईपर्यंत इथेच राहायचं असं सांगितलं.

मी भेटले तेव्हा तिच्या उशीखाली वहीचं एक पान होतं. मागच्या पंधरवड्यात काय काय केलं ते तिने त्यावर लिहून काढलं होतं. गणपतीत उभं राहून मोदक केले. अ‍ॅक्टिवावरून मांडवीला गेले, रस्त्यात खड्डे. रोज तीन जिने. बादली उचलली. पपईच्या दोन फोडी. आणि शेवटची ओळ, 'यांच्याजवळ गेले.' ती तिने इतकी गिरवली होती की कागद फाटायला आला होता.

असं पान दिसलं की घरचे "नको ते विचार करू नकोस" म्हणतात. त्याने बाई गप्प होते, विचार थांबत नाहीत. मी तिला विचारूनच ते पान राउंडच्या वेळी डॉक्टरांच्या हातात दिलं. त्यांनी ओळ न् ओळ वाचली आणि खुर्ची ओढून बसून सांगितलं, "यातल्या कशानेही हे झालेलं नाही." कधी आतल्या आत जंतुसंसर्ग होऊन बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचा पडदा कमकुवत होतो आणि बाईला त्याचा पत्ताही लागत नाही. आधीचं बाळंतपण लवकर झालेलं असणं, मध्ये रक्तस्राव होणं, जुळं असणं, तंबाखू, अशी काही कारणं माहीत आहेत. तिच्या बाबतीत यातलं काही सापडलं नाही, आणि पुष्कळ जणींच्या बाबतीत सापडतच नाही. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाल्या, "हे तर नाहीच." तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

खरी अडचण दाराबाहेर होती. सासूबाई माझा हात धरून म्हणाल्या, "डॉक्टरांना तुम्ही सांगा. आठवा लागायच्या आत मोकळी करा हिला. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही." ही समजूत आपल्याकडे इतकी खोल आहे की शिकलेली माणसंही दबक्या आवाजात तेच विचारतात. ती साफ चुकीची आहे. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फुप्फुसांच्या आणि मेंदूच्या कामी येतो. आठव्यात जन्मलेल्या बाळाला सातव्यातल्या बाळापेक्षा चांगली संधी असते. सासूबाईंना इंजेक्शनांचीही भीती वाटत होती. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइड देतात, त्याचा पहिला मोठा अभ्यास न्यूझीलंडमध्ये १९७२ साली प्रसिद्ध झाला, आता ती जगभर वापरतात, हे सांगितल्यावर त्या जरा निवांत झाल्या. सोबत अँटिबायोटिक होतीच. जंतुसंसर्ग नसेल, बाळाचे ठोके ठीक असतील, तर साधारण ३४ आठवड्यांपर्यंत थांबायचा प्रयत्न करतात. पण पाणी गेल्यावर निम्म्याहून जास्त बायका आठवड्याभरात बाळंत होतात. हेही मी घरच्यांना स्पष्ट सांगितलं. खोट्या आशेवर पडून राहणं फार वाईट.

"सगळं पाणी गेलं, आता आत कोरडं पडलं असेल," हीदेखील नेहमीची धास्ती. बाळाच्या लघवीतून पाणी तयार होत राहतं, म्हणून ते गळतही राहतं.

घरच्यांनी तिला कुशीवर वळायचीही बंदी केली होती. नुसतं निपचित पडून राहिल्याने बाळ आत जास्त टिकतं असं दिसून आलेलं नाही, उलट पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी बाथरूमपर्यंत चालायला परवानगी दिली. बाकी वेळासाठी आम्ही तिला कामं ठरवून दिली. दर तासाला घोटे फिरवायचे. ताप मोजून लिहायचा. बाळाची हालचाल कमी वाटली, पोट दुखलं, थंडी वाजली तर तेव्हाच बेल दाबायची. सिस्टर येऊन म्हणायच्या, "बेन, पॅड बतावो," आणि तिने पॅडचा रंग आणि वास आधीच नोंदवलेला असायचा. हिरवट दिसलं, वास आला तर थांबायचं नाही. त्याच वहीत आता हे लिहिलं जात होतं.

बत्तिसावा आठवडा लागला आणि कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, दीड किलोच्या थोडी वर. थेट काचेच्या पेटीत, नाकाला सीपॅपची, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राची नळी. तिथे जायला हिचे पाय उचलेनात. "मला काहीच वाटत नाही, मी कसली आई?" असं ती म्हणाली. हे फार जणींना होतं. धसका बसलेल्या मनाला वेळ लागतो, माया आटलेली नसते. आम्ही तिला आधी दूध काढायला बसवलं. पहिल्या दिवशी चार थेंब निघाले, तेही नळीतून बाळाला दिले. नंतर कांगारू पद्धत, म्हणजे आईच्या उघड्या छातीवर बाळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा बाळांसाठी दिवसाला किमान ८ तास तरी हे करा असं सांगितलं आहे. आई थकली की घरातल्या दुसऱ्या कुणीही धरलं तरी चालतं. दुपारची पाळी सासूबाईंनी घेतली.

घरी जाताना दोन गोष्टी मी ठासून सांगितल्या. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. आणि बाळ मान कधी धरतं, कधी बसतं हे जन्मतारखेवरून न मोजता, डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या मूळ तारखेवरून मोजायचं. तिची उदासी दोन आठवड्यांवर टिकली, झोप उडाली, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं, तर एक क्षणही वाट न बघता आम्हाला सांगायचं. रात्री-बेरात्री १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

मुलगी वर्षाची होत आली तेव्हा ती पुन्हा आली. पुढच्या खेपेला परत असंच होईल का, हे तिला विचारायचं होतं. इतरांपेक्षा शक्यता जास्त असते, ते मी लपवलं नाही. पण बऱ्याच जणी पुढच्या वेळी पूर्ण दिवस काढतात. दिवस राहिले की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना ही सगळी हकिगत सांगायची, गर्भाशयाच्या तोंडाची लांबी सोनोग्राफीत कधी बघायची ते विचारायचं, आणि डिस्चार्जचे कागद जपून ठेवायचे. "फाइलच आणलीये ताई," म्हणत तिने पिशवी उघडली.