शब्दांची विचारपूस : ‘होमली’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न : मुलीच्या इंग्रजी बायोडाटात आम्ही ‘होमली’ असं लिहिलं होतं. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तो शब्द लगेच काढायला लावला. कोशात तर ‘साधा, घरगुती’ असा अर्थ आहे. मग खरं काय? आणि कवितेत हा शब्द आला तर काय समजावं?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : कोश चूक नाही, पण नातेवाइकांचं ऐका. अमेरिकेत बाईला किंवा चेहऱ्याला ‘होमली’ म्हटलं की ‘दिसायला बेताची’ एवढाच अर्थ निघतो. अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टरच्या १८२८च्या कोशात हाच अर्थ पहिला दिलाय आणि ‘अग्ली’पेक्षा सौम्य, अशी पुस्तीही जोडलीय.

हा अर्थ अमेरिकनांनी काढला असं मात्र नाही. तो इंग्लंडमधूनच तिकडे गेला. इंग्रज कवी मिल्टनच्या १६३४च्या ‘कोमस’ या नाट्यकाव्यात कोमस हे खलपात्र एका तरुणीला भुलवताना म्हणतं, की होमली चेहऱ्यांनी घरात बसावं, त्यांना नावच घरावरून पडलंय. घरचं ते साधं, साधं ते ओबडधोबड, आणि मग रूपानेही सामान्य, अशी ही उतरण आहे. इंग्लंडमध्ये पुढे ‘साधं, आपुलकीचं’ हाच अर्थ वर राहिला आणि आपण शिकलो ती इंग्रजी तिथली.

म्हणून वाचताना आधी विशेषणापुढचं नाम बघा, मग लेखक कुठला ते. घर, खाणावळ, जेवण यांच्यापुढे ब्रिटिश लेखक हा शब्द बहुधा मायेने वापरतो. चेहरा आला की सावध व्हा. बुद्धीला लागला तर तिसराच रंग येतो. शेक्सपिअरची ओळ आहे : ‘होम-कीपिंग यूथ हॅव एव्हर होमली विट्स’. घर न सोडणाऱ्या पोराची अक्कलही घराएवढीच राहते. आपलं ‘केल्याने देशाटन’ याच्या उलट बाजूने तेच सांगतं.

इंग्रज कवी ग्रेच्या १७५१च्या ‘एलिजी’ या शोककवितेत गावकऱ्यांचे ‘होमली जॉइज’ आहेत. तिथे ‘घरगुती आनंद’ असं भाषांतर करू नये. आधीच्या कडव्यांत पेटलेली शेगडी आणि बापाकडे धावणारी मुलं आहेत, तशी कापणी, नांगर आणि लाकूडतोडही आहे. ‘साधेसुधे आनंद’ म्हटलं की हे सगळं त्यात मावतं.

आता बायोडाटा. ‘फॅमिली-ओरिएंटेड’ किंवा ‘होम-लव्हिंग’ लिहा. त्याहून चांगलं म्हणजे ती काय करते तेच लिहा : स्वयंपाक आवडतो, आजी-आजोबांसोबत वाढली. मराठी बायोडाटात आपल्याकडे हिंदीच्या शेजारामुळे ‘घरेलू’ सहज येतं. ‘घरगुती मुलगी’ मात्र मराठीत चालत नाही. उपाय घरगुती, समारंभ घरगुती, माणूस नाही. ‘गृहकृत्यदक्ष’ हा जाहिरातींतला जुना शब्द आहेच, पण त्यातून कामाची हुशारी कळते, स्वभाव नाही. स्वभाव सांगायचा तर ‘घराची ओढ असलेली’ म्हणा.

प्रश्न : टिफिनच्या पाटीवर ‘होमली फूड’ बरोबर का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ब्रिटिश इंग्रजीत बरोबर, अर्थ साधं जेवण. घरी रांधलेलं असं सांगायचं असेल तर ‘होम-कुक्ड’ लिहा. ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे चालतं. ‘होमलीली’ असं क्रियाविशेषण करायला जाऊ नका. ‘फ्रेंडली’सारखंच हे ‘ली’ लागूनही विशेषणच आहे.