भूविज्ञान सप्ताहात काय करावं? सोड्याचा ज्वालामुखी सोडून काहीही करा

तुम्ही विचारलंय की सांगलीत कॉलेज आणि आसपासची गावं मिळून ऑक्टोबरमध्ये भूविज्ञान सप्ताह करायचाय, पोरं 60-70, बजेट 5 हजार, उपक्रम सुचवा. आणि खाली स्वतःच तीन लिहून टाकलेत: रांगोळी, पोस्टर स्पर्धा, ज्वालामुखीचं वर्किंग मॉडेल. ते तिसरं वाचलं आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मी टाइप करायला घेतलं, त्यामुळं कुठं तुटक वाटलं तर समजून घ्या.

सोड्याचा ज्वालामुखी, म्हणजे खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस काढतात तो, करू नका. सातारा-सांगलीत तर अजिबातच नको. आपल्या पायाखालचा काळा दगड कुठल्या शंकूच्या टोकातून कारंज्यासारखा उडालेला नाही. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातनं लाव्हा उतू गेला, दूध जातं तसा. पसरला, निवला, मध्ये बराच काळ गेला, परत उतू आला, असं कितीतरी वेळा. साताऱ्यात पोवई नाक्यावरनं अजिंक्यताऱ्याकडं बघितलं की डोंगराच्या अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात ना, त्या त्याच. ह्याच काळ्या दगडाच्या थरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरनं आलाय तो. म्हणजे पोरं रोज एसटीच्या खिडकीतनं खरा ज्वालामुखी बघत कॉलेजला येतात आणि आपण त्यांना स्टेजवर प्लास्टरचा डोंगर करून त्यातनं कुंकवाचा फेस काढायला लावतो.

आता मला एवढं का लागलं ते सांगतो.

2008 ची गोष्ट. मी टीवायला, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो, जिऑलॉजी. कॉलेजचं नाव घेत नाही, त्यातली माणसं अजून बाजारात भेटतात. डिपार्टमेंटनं असाच सप्ताह ठरवला, मीटिंग घेतली, सर म्हणाले कुणाला काही सुचत असेल तर बोला. मी उठलो. म्हटलं सर, रहिमतपूरच्या पुढं आमच्या तात्याची, म्हणजे चुलत्याची, नवी विहीर चाललीये, 40 फूट खाली गेलीये, अजून बांधकाम नाही, सगळे थर उघडे आहेत, एक गाडी करून सगळ्यांना नेऊया. सर म्हणाले, "विहिरीत काय बघणार? बेडूक?" अख्खा वर्ग हसला. जिच्यावर छाप पडावी म्हणून मी उठलो होतो ती पण हसली.

मग व्हायचं ते झालं. उद्घाटनाला पाहुणे दीड तास उशिरा, पंख्यानं समई तीनदा विझली, पाहुणे बोलले "पर्यावरण आणि आजचा युवक" या विषयावर, दगड हा शब्द भाषणात एकदाही आला नाही. शेवटी ज्वालामुखी. त्यात कुणीतरी व्हिनेगर जरा सढळ हातानं ओतलं आणि तो लाल फेस टेबलावरनं घरंगळत पाहुण्यांच्या पांढऱ्या बुटावर. टाळ्या त्यालाच सगळ्यात जास्त पडल्या.

त्याच रविवारी मी 5 गाड्यांवर 9 जणांना घेऊन गावाला गेलो. (दोघं फक्त चुलतीच्या हातच्या मटणासाठी आलेले, खोटं कशाला सांगू.) एप्रिल महिना होता, विहिरीत गुडघाभर पाणी. दगड-माती वर ओढायची यारी बंद होती, कारण रविवारी सुरुंग उडवत नसत. खोदकामाचा मुकादम कडेला बिडी ओढत बसलेला, त्याला सगळे आण्णा म्हणायचे, शाळा बहुतेक चौथीपर्यंत. मी पुस्तकातलं सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यानं हातातल्या पहारीनं समोरची भिंत दाखवून सुरुवात केली. वरनं काळी माती चार हात. खाली मुरूम. मग मांजऱ्या, म्हणजे तो मऊ, भोकाभोकांचा खडक, ज्याच्यात पांढरे दाणे असतात. त्याच्या खाली काळा पाषाण, जिथं पहार लावली की ठिणगी उडते आणि मुकादमाचा रेट डबल होतो. आणि काळ्याच्या बुडाला हातभर जाडीचा तांबडा पट्टा, गेरूचा, अख्ख्या विहिरीला पदर लावल्यासारखा गोल फिरलेला. त्या पट्ट्याच्या बरोबर डोक्यावरनं, एका चिरेतनं, पाण्याची बारीक धार.

आण्णा म्हणाला, "मांजऱ्या सपला की काळा, काळा सपला की गेरू, गेरू सपला की परत मांजऱ्या. ह्यो असाच जातुय खाली. आन् पानी गेरवाच्या डोस्क्यावर."

मी गप्पच झालो. कारण आम्हाला दोन वर्षं जे शिकवलं ते हेच होतं. लाव्ह्याच्या प्रत्येक थराच्या वरच्या भागात गॅसचे बुडबुडे अडकतात, नंतर त्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरतात, तो मांजऱ्या. खालचा भाग सावकाश निवतो, घट्ट होतो, तो काळा पाषाण. आणि दोन थरांच्या मध्ये जो निवांत काळ गेला त्यात खालच्या दगडाची झीज होऊन माती झाली, ती पुढच्या लाव्ह्यानं वरनं भाजून काढली, तो गेरू. चिकणमातीसारखा असतो, पाणी सहजी खाली सोडत नाही, म्हणून पाझर त्याच्या डोक्यावर. आण्णाला लाव्हा माहीत नव्हता, एवढाच फरक. आमच्यातल्या एकानं तिथंच वहीत फूटपट्टीनं विहिरीचा उभा छेद काढला आणि नावं आण्णाची लिहिली: मुरूम, मांजऱ्या, काळा, गेरू. तीन वर्षांत मी बघितलेलं सगळ्यात चांगलं प्रॅक्टिकल ते. मांजऱ्यातनं निघालेला एक पांढरा, मोरपिसासारखा फुललेला गड्डा आण्णानं मला दिला, स्टिलबाईट नावाचं खनिज आहे, आज माझ्या गल्ल्यावर बिलं उडू नयेत म्हणून ठेवलाय.

तेवढ्यात गावातली माणसं जमली. कॉलेजातनं पोरं दगडं बघायला आलीत म्हटल्यावर आमच्या विहिरीत पण हे हाय, त्यांच्यात पण हाय, असं सुरू झालं. एक म्हातारी म्हणाली आमच्यात गेरू दोनदा लागला. सांगा आता, कुठल्या रांगोळीनं हे झालं असतं?

म्हणून माझा एक नंबरचा सल्ला: जवळपास कुठं विहीर, रस्त्याचं कटिंग किंवा शेततळं चालू असेल तर तिथं जा आणि बोलायला जो खोदतोय त्याला लावा. पाहुणा म्हणून. हार-श्रीफळ त्यालाच द्या, 5 हजारांतले हजार-दोन हजार त्याच्या त्या दिवसाच्या मजुरीपोटी द्या, प्राध्यापकांनी शेवटी बोलावं आणि थोडं बोलावं.

श्रीफळावरनं आठवलं. पाणाड्या.

तात्याच्या त्या विहिरीची जागा पाणाड्यानं दाखवलेली. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचं, पाण्यावर आलं की नारळ उभा राहतो, ते. त्या दिवशी मटण जेवताना मी, नुकतंच जिऑलॉजी शिकलेला शहाणा, सगळ्यांच्यासमोर म्हणालो की तात्या, यात नारळाचं काही नाही, आपल्याकडं वरचा झिजलेला मुरूम-मांजऱ्या जवळपास सगळीकडं आहे, पावसाचं पाणी त्यातच मुरतं, बहुतेक ठिकाणी खोदलं तर थोडंफार पाणी लागणारच, पाणाड्याची चूक सापडायला जागाच नाही. तात्यानं भाकरी मोडता मोडता शांतपणे विचारलं, "मग न लागणारी जागा तू दाखव."

मी दाखवली. जोशात. वरच्या अंगाचा माळ, जिथं काळा पाषाण उघडा पडलाय.

ते पुढं येतंच. आधी हा उपक्रम लिहून घ्या, पैसे लागत नाहीत आणि गर्दी हमखास होते: पाणाड्याची परीक्षा. चेष्टा नाही करायची, रीतसर बोलवायचं, मान द्यायचा. एक रान घ्यायचं, त्याला चालू द्यायचं, नारळ उभा राहील तिथं गुपचूप खूण करायची. मग डोळ्याला पट्टी बांधून, दोनदा गोल फिरवून, दुसऱ्या बाजूनं परत चालवायचं. नारळ त्याच जागी उभा राहतो का ते टेपनं मोजायचं. दोन-तीन पाणाडे मिळाले तर अजून चांगलं, एकमेकांच्या खुणा न दाखवता. निकाल काय लागतो तो पोरांनीच फळ्यावर लिहावा, आपण मत देऊ नये. मी हे तात्याच्या पाणाड्यावर करू म्हणालो होतो तर तात्या माझ्याशी गणपतीपर्यंत बोलला नाही. तुमचा तात्या नसेल तर तुम्हाला सोपं जाईल.

आता तुम्ही सांगलीचे, तुम्हाला विहिरींपेक्षा नदी जवळची. कृष्णेवरचा आयर्विन पूल आहे की तुमच्याकडं, पुराची पातळी मोजतात तो. 40 फूट इशारा, 45 फूट धोका हे सांगलीतल्या शाळकरी पोराला पण पाठ असतं, पण तो आकडा त्याच्या घराच्या कुठल्या पायरीशी जुळतो हे किती जणांना सांगता येईल? 2005, 2019, 2021, तिन्ही पुरांचं पाणी गल्लीत कुठवर आलं ते घरोघरी विचारा, भिंतीवरचे डाग शोधा, विजेच्या खांबावर तीन रंगांत पट्टे मारा. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, तो पट्टा काही गल्ल्यांत पोरांच्या डोक्यावर येईल. रंगाचा खर्च 500-700. पोस्टर स्पर्धा करायचीच असेल तर ही करा, पोस्टर खांबावरच.

आणि हरिपूर. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं साठवायचे. तिथली माती खोल आणि घट्ट, पेव पाझरत नसे, म्हणून जमलं. आमच्या मुरमात खोदलं असतं तर पहिल्या पावसात हळदीचा काढा झाला असता. 2005 च्या पुरात बरीच पेवं गेली. ज्या घरात पेव होतं तिथल्या एखाद्या आजोबांना बोलतं करा.

कोयनेचा भूकंप पण सोडू नका. 11 डिसेंबर 1967, पहाटे चारच्या पुढं, 6 पेक्षा मोठा, जवळपास 180 माणसं गेली. धरणाच्या पाण्यामुळं भूकंप होऊ शकतो याचं जगात जे उदाहरण देतात ते आपलं. ज्यांना तो आठवतो ती माणसं आता 65 च्या पुढची. त्यांच्याकडनं फक्त तीन गोष्टी लिहून घ्या: कुठं झोपला होता, काय पडलं, बाहेर किती दिवस झोपलात. माझी आजी म्हणायची, भांडी आधी वाजली मग जमीन हलली. रील करू नका त्याचं, काही जण बोलता बोलता रडतात.

विहिरींच्या पाण्याची पातळी मोजणं हे अजून एक. भूजल सर्वेक्षणवाले त्यांच्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे असं वर्षातनं चारदा मोजतात. तुम्ही गावातल्या 10 विहिरी घ्या, दोरीला वजन बांधा, काठापासून मोजा, आकडा ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. "गावाला काय कळतंय यातलं" असं कुणी प्राध्यापक म्हणाले तर त्यांना सांगा, आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं 2016 ला पाणी फाउंडेशनचा पहिला वॉटर कप जिंकला तेव्हा डोंगरावर सीसीटी, म्हणजे पाणी मुरवायचे समतल चर, खोदणारी माणसं जिऑलॉजीची पदवीधर नव्हती.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगतो. एक, ऑक्टोबरमध्ये विहिरी भरलेल्या असतात, थर दिसत नाहीत. म्हणजे मी वर एवढं रामायण सांगितलं ते तुमच्या सप्ताहात होणारच नाही, ते एप्रिल-मे मध्ये करा आणि ऑक्टोबरमध्ये पातळी मोजा, नाहीतर रस्त्याचं कटिंग बघा. दोन, पोरांना विहिरीत उतरवू नका, आम्ही उतरलो होतो तो गाढवपणा होता. काठाला दोर बांधा, सुरुंगाचं काम चालू असेल त्या दिवशी जाऊच नका, आणि जुनं पेव कुणी उघडलं तर हवा खेळू दिल्याशिवाय आत डोकावू सुद्धा देऊ नका. तीन, रांगोळी ठेवली तरी चालेल, प्राचार्यांना फोटो लागतोच. विषय "पृथ्वी वाचवा" ऐवजी "माझ्या विहिरीचा छेद" द्या, लाल-काळा-पांढरा तिन्ही रंग खरे निघतात.

आणि ती न लागणारी जागा. 2016 ला माझ्या चुलतभावानं त्याच माळावर, मी पाय आपटून दाखवलेल्या ठिकाणी, मुद्दाम बोअर मारली. 210 फुटांवर दीड इंच पाणी. कारण काय तर काळ्या पाषाणालाही चिरा असतात, वरनं दिसत नाहीत, आणि खाली दुसऱ्या थराचा मांजऱ्या असतो, हे मला तेव्हाही माहीत असायला हवं होतं, आण्णानं तर तोंडावर सांगितलेलं, ह्यो असाच जातुय खाली. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, पंगत बसली की तात्या विचारतो, काय शास्त्रज्ञ, माळावर पाणी लागतंय का?

तात्याला हल्ली नातवानं मोबाईलवर सगळं वाचून दाखवायची सवय लावलीये, त्यामुळं हे पण पोचेल. तर तात्या, ती बोअर शिमगा झाला की किती मिनिटं चालते आणि मग मोटर काय ओढते, तेवढं खाली कमेंटमध्ये नातवाकडनं लिहून घे.