वाचक विचारतात : तीन मूर्ती भवन

प्रश्न : पं. नेहरू राहत त्या 'तीन मूर्ती भवना'त ब्रह्मा-विष्णू-महेशाच्या मूर्ती आहेत का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाहीत हो! मलाही लहानपणी दत्तगुरूच आठवायचे. पण या मूर्ती सैनिकांच्या, आणि त्याही बंगल्यात नव्हे, बाहेरच्या चौकात. पांढऱ्या दगडी स्तंभाच्या पायथ्याशी तीन काशाचे जवान उभे आहेत: जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थानांच्या घोडदळांचे प्रतिनिधी. पहिल्या महायुद्धात पश्चिम आशियात लढलेल्यांचे हे स्मारक 1922 चे. सप्टेंबर 1918 मध्ये हैफा शहर जिंकले ते जोधपूर-म्हैसूरच्या भालाईतांनी, मशीनगनसमोर घोडे घालून. 2018 मध्ये चौकाच्या नावात 'हैफा' जोडले गेले ते त्यामुळेच.

बंगला स्मारकानंतरचा, 1930 चा. वास्तुकार रॉबर्ट टॉर रसेल; कॅनॉट प्लेसही त्यांचेच. मूळ नाव 'फ्लॅगस्टाफ हाउस', मुक्काम ब्रिटिश सरसेनापतीचा. 1948 मध्ये नेहरू तिथे आले आणि 27 मे 1964 रोजी तिथेच गेले. पुढे घराचे संग्रहालय झाले; शास्त्रीजींनी 10, जनपथ पत्करले. त्यामुळे हे 'पंतप्रधानांचे निवासस्थान' खरे तर एकाच पंतप्रधानांचे.

दिल्लीला गेलात तर आवारातला कुशक महाल चुकवू नका. फिरोजशहा तुघलकाच्या काळातली ही शिकारगढी बंगल्याहून सुमारे साडेपाचशे वर्षांनी थोरली. पण लोक थेट गुलाबबागेकडे वळतात.