एका तासाने एवढं काय होतं? होतं, चांगलं आठवडाभर होतं

मार्च आला की अमेरिकेतल्या मराठी क्लायंट्सची एक तक्रार ठरलेली असते. तिकडे बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात, ती उन्हाळी वेळ, आणि नोव्हेंबरमध्ये परत मागे आणतात, ती हिवाळी वेळ. शब्द वेगळे पण मुद्दा तोच, की घड्याळ एक तास पुढे गेलं आणि घरातल्या सगळ्यांची डोकी फिरली, एका तासाने एवढं कसं होईल, म्हणजे माझंच काहीतरी बिनसलंय का? मी समुपदेशक, पुण्यात बसून ऑनलाइन सेशन घेते त्यामुळे थोडी झळ मलाही लागते, न्यू जर्सीतले रात्रीचे नऊ हिवाळ्यात माझ्याकडे सकाळचे साडेसात असतात ते मार्चमध्ये साडेसहा होतात, आणि क्लायंटसमोर जांभई देणं बरं दिसत नाही.

तर त्यातलीच एक. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय. पस्तिशीतली, आयटीत, नवराही आयटीत, लेक पाच वर्षांची. पहिल्याच सेशनला म्हणाली, "ताई, आमचं लग्न जेव्हा कधी मोडेल ना तेव्हा मार्चमध्येच मोडेल," आणि हसता हसता रडायलाच लागली.

मी म्हटलं, लग्नाचं नंतर बघू, आधी रविवारपासून काय काय झालं ते सांग. रविवारी नवऱ्याने भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं पण ओव्हनवरचं तसंच राहिलं, हिने ओव्हनवरची वेळ बघून निवांत स्वयंपाकाला घेतलं, जेवायला उशीर, त्यावरून पहिली खटखट. गाडीतलं घड्याळ तर तो बदलतच नाही, म्हणतो नोव्हेंबरमध्ये आपोआप बरोबर होतं. रात्री लेक झोपेना. साडेसात वाजलेत, खिडकीत अजून संधिप्रकाश, ती पोर म्हणते बाहेर उजेड आहे मग मी का झोपू, आणि खरं सांगायचं तर तिचं काय चुकलं? आदल्या दिवशीपर्यंत सूर्य सहाच्या सुमाराला मावळत होता तो एकदम सातला. सकाळी उलटं, साडेसहाला उठवायचं तर बाहेर मिट्ट काळोख, मग रडारड, एक मोजा सापडतोय दुसरा नाही.

त्यात पुण्याच्या टीमची मीटिंग. ती संध्याकाळी साडेसहाला फिक्स, पुणेकर काही घड्याळ बदलत नाहीत. हिवाळ्यात ती हिच्याकडे सकाळी आठला यायची, अर्ध्या तासात आटपून ही लेकीला शाळेत सोडायची. मार्चमध्ये तीच मीटिंग नऊला, म्हणजे शाळेतून परत येताना गाडीत, फोन स्पीकरवर, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी विचारणार की तुझं अपडेट काय. दुपारी बाराला आईला फोन, तो इतके दिवस सांगलीत रात्री साडेदहाला पोचायचा, आता साडेनऊला, ऐन सिरीयलमध्ये, आई म्हणते नंतर कर गं. हिला वाटतं आईलाही माझ्यासाठी वेळ नाही. आणि वर फिनिक्सची जाऊबाई फॅमिली ग्रुपवर स्माइली टाकते की आमच्याकडे ही कटकटच नाही, कारण ॲरिझोनात घड्याळ बदलत नाहीत. (ग्रुप आठवडाभर म्यूट कर हा माझा सगळ्यात लवकर मान्य झालेला सल्ला.)

आता लग्नाबद्दल. मी तिला एकच विचारलं, नोव्हेंबरमध्ये घड्याळ मागे जातं तेव्हा काय होतं? जरा थांबून म्हणाली, तेव्हा काही नाही, उलट तो आठवडा बरा जातो. बाकी वर्षभर भांडता का? भांडतो, पण संध्याकाळपर्यंत मिटतं. मग मला निदान एवढं तरी कळलं की नवरा तोच, सासर तेच, नोकरी तीच, आणि बिनसतं फक्त मार्चमध्ये, तर आधी झोपेकडे बघायला हवं. लग्नाची चौकशी त्या आठवड्यात करूच नये, अर्धवट झोपलेला माणूस स्वतःच्या संसाराबद्दल जे निकाल देतो ते फार कडक असतात.

शरीराचं गणित असं की आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा थोडं लांब चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला सोपं जातं आणि लवकर झोपणं जड जातं. हे घड्याळ रोज जागेवर आणतं ते मुख्यतः सकाळचं ऊन. मार्चमध्ये नेमकं सकाळी अंधार आणि संध्याकाळी उजेड, म्हणजे शरीराला लवकर झोप म्हणायचं आणि सोय सगळी जागरणाची करायची. रात्री जागणाऱ्या माणसांना हे जास्त लागतं, हिचा नवरा त्यातलाच, त्यामुळे सोमवार-मंगळवार त्याच्याशी बोलण्यात अर्थच नव्हता. आणि हा नाजूकपणा नाही हं, त्या आठवड्यात जीवघेणे रस्ते अपघात वाढलेले अभ्यासांत दिसलेत, म्हणून सोमवारी गाडी जपून चालवा हे मी प्रत्येकाला सांगते.

नवरा एका सेशनला आला, त्याचं म्हणणं सरकारनेच हे बंद करायला पाहिजे. पाहिजे ना, पण कधी? 1974 मध्ये अमेरिकेने वर्षभर उन्हाळी वेळ ठेवून बघितली, जानेवारीत पोरं अंधारात शाळेला जायला लागली तशी लोकांची बोंब झाली आणि त्याच वर्षी ते गुंडाळलं. 2022 मध्ये सिनेटने कायमची उन्हाळी वेळ एकमताने पास केली, पुढे संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, हाऊसमध्ये, ते अडकलं ते अडकलंच. झोपेच्या डॉक्टरांची तिथली संघटना तर म्हणते की कायम ठेवायचीच तर हिवाळी वेळ ठेवा. म्हणजे नको यावर सगळ्यांचं एकमत, काय हवं यावर नाही! आपल्याकडे तरी वेगळं काय झालं होतं, 1906 मध्ये देशाची एक वेळ ठरली तरी मुंबईकर त्यानंतर कित्येक वर्षं आपली 39 मिनिटं मागची वेळ धरून बसले होते. तेव्हा सरकारची वाट बघू नका, मार्चचा दुसरा रविवार येणार हे धरून चाला.

पुढच्या वर्षासाठी आम्ही जे ठरवलं ते अगदी साधं होतं. बुधवारपासून लेकीचं जेवण, आंघोळ, झोप सगळं रोज पंधरा-पंधरा मिनिटं अलीकडे आणायचं, म्हणजे शनिवारपर्यंत तासाचं काम होऊन जातं. तिच्या खोलीला जाड पडदे. रविवारी सकाळी सगळ्यांनी बाहेर, थंडी असली तरी जॅकेट घालून, अर्धा तास उन्हात. दुपारनंतर कॉफी बंद. लेकीला मेलाटोनिनची गमी द्यायची का असं तिने विचारलं, मी म्हटलं मुलांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, दुकानात सहज मिळतं म्हणून द्यायचं नसतं. घड्याळं सगळी शनिवारी रात्रीच बदलायची, ओव्हनसकट, आणि ते काम नवऱ्याचं. पैसे, सासूबाईंचा व्हिसा, घर विकत घ्यायचं का, असले विषय पुढच्या शनिवारपर्यंत काढायचेच नाहीत.

मीटिंगचं तिला बोलवत नव्हतं, पुण्याची टीम काय म्हणेल म्हणून. शेवटी मेल टाकली की मार्च ते नोव्हेंबर मीटिंग साडेपाचला घेता येईल का. पुण्याच्या टीमला आनंदच झाला, तासभर आधी घरी जायला कोणाला नको असतं?

सगळ्यांचं इतकं सरळ नसतं हेही सांगते. माझ्याकडे आणखी एक बाई होत्या, त्यांचं बरोबर उलटं, मार्चमध्ये ठीक आणि नोव्हेंबरपासून पाचच्या आत अंधार पडायला लागला की मन बसायचं ते फेब्रुवारीपर्यंत वर यायचं नाही, कशात रस नाही, नुसतं झोपून राहावंसं वाटायचं. ते घड्याळाचं नाही, ते हिवाळ्यातलं डिप्रेशन असू शकतं आणि त्याला उपचार आहेत, त्यांना मी तिथल्या डॉक्टरकडेच पाठवलं. तसंच मार्चनंतर दोन-तीन आठवडे उलटूनही झोप जागेवर येत नसेल तर वेळ बदललीय म्हणून सोडून देऊ नका, दाखवून घ्या.

या मार्चमध्ये हिचा मेसेज आला की मंगळवारी एकदा वाजलं, पण बाकी आठवडा निभावला. आईने म्हणे कालनिर्णयवर त्या रविवारी पेनाने लिहून ठेवलंय, लेकीचा फोन एक तास आधी, सिरीयल सकाळी रिपीटला बघणे. आणि वर विचारते की एवढे सगळे सणवार देतात, तर हे का नाही देत छापून?