‘कॉरोनर’ला मराठीत काय म्हणावे?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या काउंटीचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे) कॉरोनर, म्हणजे आकस्मिक आणि संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, नुकतेच निवर्तले असून तेथील मराठी मंडळाच्या अंकात त्यांच्याविषयी आदराने चार ओळी लिहायच्या आहेत, तर त्यांच्या पदाला मराठीत काय म्हणावे? त्यांनी सोबत पाठवलेल्या मसुद्याची सुरुवात ‘कै. परगणा अपमृत्यू निर्णेता यांच्या जीवनाचा आणि सेवेचा सन्मान’ अशी आहे.

माझे मत आधीच सांगतो. ‘कॉरोनर’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी एका वाक्यात त्या कामाचा खुलासा करावा. हा शब्द मराठीला नवखा नाही. 1871 च्या कायद्याने मुंबई आणि कलकत्ता या शहरांतील कॉरोनरचे अधिकार ठरवून दिले होते, आणि महाराष्ट्रात तो कायदा 1999 मध्ये रद्द होईपर्यंत मुंबईच्या वर्तमानपत्रांत ‘कॉरोनरचा निकाल’, ‘कॉरोनर कोर्ट’ हे शब्द छापून येत असत. राज्यात इतरत्र हे पद नसल्यामुळे पुण्या-नागपूरच्या माणसाला पंचनामा, शवविच्छेदन आणि पोलिसांनी केलेली ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ एवढेच शब्द ओळखीचे असतात. खुलाशाची गरज भासते ती त्यामुळेच.

शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘कोरोना’, म्हणजे राजमुकुट. इंग्लंडमध्ये 1194 साली हे पद स्पष्टपणे निर्माण झाले, ते राजाच्या वतीने फौजदारी प्रकरणांची नोंद ठेवण्यासाठी आणि त्यांतून राजाला मिळणाऱ्या महसुलावर लक्ष ठेवण्यासाठी. आकस्मिक मृत्यूची चौकशी हा त्यातलाच एक भाग होता. पुढे बाकीची कामे गळत गेली आणि मुख्यत्वे तेवढाच उरला. गेल्या काही वर्षांत सर्वांच्या तोंडी बसलेले विषाणूचे नावही त्याच मुकुटावरून आले आहे, तेव्हा दोन्ही शब्दांतले साम्य योगायोगाचे नव्हे. इंग्रजी उच्चार ‘कॉरनर’च्या जवळ जातो, पण तसे लिहिले तर वाचणारा ‘कॉर्नर’ वाचेल. म्हणून ‘कॉरोनर’ हे रूढ लेखनच बरे.

आता पर्यायी शब्दांकडे वळू. ‘अपमृत्यू निर्णेता’ हा शब्द घडणीने निर्दोष आहे, पण ‘अपमृत्यू’ म्हटले की आपल्या मनात अघटित, अशुभ मरण येते, आणि कॉरोनरकडे जाणारे सगळेच मृत्यू तसे नसतात. एकटे राहणारे वृद्ध गृहस्थ झोपेतच गेले आणि मृत्यूचे कारण प्रमाणित करायला त्यांच्यावर उपचार करणारे कोणी डॉक्टर नव्हते, तरी ते प्रकरण कॉरोनरकडे जाऊ शकते, आणि चौकशीअंती ‘नैसर्गिक मृत्यू’ असाच निष्कर्ष निघू शकतो. ‘मृत्युसमीक्षक’ मला रुचत नाही, कारण समीक्षा आपण पुस्तकांची आणि नाटकांची करतो. ‘न्यायवैद्यक अधिकारी’ म्हणणे तर चूकच ठरेल, कारण त्यात तो डॉक्टर असल्याचे गृहीत धरले जाते. अमेरिकेच्याच ओहायो राज्यात कॉरोनर डॉक्टर असावा लागतो, पण पेनसिल्व्हेनियात तशी अट नाही. तेथे बहुतेक काउंट्यांत मतदार त्याला चार वर्षांसाठी निवडून देतात. शवविच्छेदन न्यायवैद्यक तज्ज्ञ करतात. मृत्यू नैसर्गिक होता, अपघाती होता, आत्महत्या होती, की दुसऱ्याच्या हातून घडला, की काहीच ठरवता येत नाही, हा निष्कर्ष नोंदवण्याची जबाबदारी मात्र कॉरोनरची असते.

शिवाय या कामाची एक बाजू अशी आहे की ती यांतल्या कोणत्याच शब्दात मावत नाही. मृताची ओळख पटवणे, अपरात्री एखाद्या घराचे दार वाजवून ‘तुमचा मुलगा गेला’ हे उभ्या उभ्या सांगणे, आणि नंतर त्याचे घड्याळ, अंगठी, पाकीट नोंद करून आईच्या हाती देणे हेही बहुधा कॉरोनरच्या किंवा त्याच्या सहायकांच्याच वाट्याला येते. आदरपर लेखात पदाच्या प्रतिशब्दापेक्षा या कामाचे वर्णन यावे, असे मला मनापासून वाटते.

मसुद्यातील इतर शब्दांविषयी थोडेसे. ‘काउंटी’ला ‘परगणा’ म्हणू नये. तो शब्द आपल्याकडे देशमुख-देशपांडे यांच्या वतनांशी बांधलेला आहे. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. ख्रिस्ती व्यक्तीसाठी मराठीत ‘ख्रिस्तवासी’ हा सुंदर शब्द आहे, पण धर्म ठाऊक नसेल तर ‘दिवंगत’ लिहावे. ‘माजी’ मात्र लिहू नये, त्याने केवळ पद सुटल्याचा बोध होतो. ‘सन्मान’ आणि ‘सत्कार’ हे शब्द ऐकताच शाल-श्रीफळ स्वीकारणारी हयात व्यक्ती डोळ्यांपुढे येते. ‘मरणोत्तर गौरव’ म्हणावे, तर ज्यांचे आयुष्यच मरणोत्तर तपासण्यांत गेले त्यांच्याबाबतीत तो शब्द फार खटकतो. गेलेल्या माणसाचे आपण स्मरण करतो, त्याला आदरांजली वाहतो. तसेच ‘सेवा दिली’ यापेक्षा ‘काम पाहिले’ हे मराठीच्या अंगवळणी पडलेले आहे.

एवढे जमेस धरून मी सुरुवात अशी करीन: ‘आपल्या काउंटीचे दिवंगत कॉरोनर यांना आदरांजली. आकस्मिक आणि संशयास्पद मृत्यूंची चौकशी करण्यासाठी लोकांनी निवडून दिलेले अधिकारी म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम पाहिले, आणि ज्या घरांत ते वाईट बातमी घेऊन गेले त्या घरांनाही त्यांनी आधार दिला.’ अशा लेखातील कॉरोनर महिला असतील, तर ‘काउंटीच्या’, ‘निवडून दिलेल्या’ आणि ‘त्या … गेल्या’ एवढ्या बदलांनी काम भागेल. ‘कॉरोनर’ हा शब्द दोघांनाही चालतो.