फायबरग्लासचं हाय-पॉवर रॉकेट किट पहिल्यांदाच जोडतोय, फिन्स (शेपटीकडचे पंख) पक्के बसण्यासाठी काय करू?

तुम्ही अमेरिकेत लेव्हल वनसाठी, म्हणजे हाय-पॉवर रॉकेट उडवण्याच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी, एच किंवा आय वर्गाच्या मोटरवर उडवणार असाल असं धरून सांगतो. सगळ्यात आधी सगळे पार्ट भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात स्वच्छ धुवा, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेला मेणचट थर ट्यूबवर राहिलेला असतो आणि त्यावर इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं चिकटद्रव्य) पकडतच नाही, लोक नेमकी हीच पायरी गाळतात. मग जिथे जिथे चिकटवायचंय तिथे ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. घासताना पाणी लावून घासा आणि चांगला मास्क घालाच, ती काचेची धूळ फुफ्फुसात गेलेली अजिबात चांगली नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

फिनचा टॅब, म्हणजे आत जाणारा भाग, ट्यूबच्या खाचेतून आत मोटर माउंटपर्यंत (मोटर बसते त्या आतल्या नळीपर्यंत) टेकला पाहिजे, बरीचशी ताकद तिथल्या जोडातून येते, बाहेरच्या फिलेटने (फिन आणि ट्यूबच्या कोपऱ्यात भरलेल्या इपॉक्सीच्या गोलसर पट्टीने) हवा नीट वाहते आणि आधारही मिळतो. पाच मिनिटांवालं इपॉक्सी इथे नको, सावकाश सुकणारं घ्या आणि रात्रभर हात लावू नका. मोटर रिटेनरला (मोटर जागेवर धरून ठेवणाऱ्या भागाला) मात्र जेबी वेल्ड हे उष्णता सोसणारं इपॉक्सी लावा, कारण तिथल्या उष्णतेने साधं इपॉक्सी मऊ पडतं.

आणि हो, फायबरग्लास जड असतं, त्यामुळे किटसोबतचं पॅराशूट पुरतंय का ते रंग देऊन झाल्यावर पूर्ण वजन करूनच ठरवा.