किल्ली परत मिळाली, पाठशाळा परतली का?

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही जेरुसलेमला गेलो असताना पश्चिमी भिंतीसमोरच्या चढावर कमानींची एक मोठी इमारत पाहिली. ती पोरात योसेफ नावाची येशिवा असून भारतातल्या पैशाने उभी राहिली आणि युद्धानंतर ‘आपल्या घरी परत आली’, असे मार्गदर्शकाने सांगितले. हे कितपत खरे आहे? दुसऱ्या महायुद्धात युरोपातून परागंदा झालेल्या येशिवाही अशाच आपल्या जुन्या जागी परतल्या का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पैशाची गोष्ट खरी आहे. येशिवा म्हणजे तालमुदाचे, म्हणजेच ज्यूंच्या धर्मशास्त्रावरील वादसंवादाच्या प्राचीन ग्रंथाचे, अध्ययन जिथे चालते ती पाठशाळा. पोरात योसेफसाठी देणगी दिली ती कलकत्त्यातील बगदादी ज्यू योसेफ अव्राहम शालोम यांनी, आणि तो पैसा येशिवेसाठी खर्च करावा हा सल्ला होता बगदादचे थोर धर्मपंडित योसेफ हयीम यांचा, ज्यांना जग ‘बेन ईश हाय’ या नावाने ओळखते. आपल्याकडे ‘भारतातले ज्यू’ म्हटले की कोकणातले बेने इस्राएलच डोळ्यांपुढे येतात. पण मुंबई आणि कलकत्त्यातील बगदादी ज्यू हा व्यापारानिमित्त येऊन स्थिरावलेला वेगळा समाज होता आणि ही देणगी त्या समाजातून आलेली आहे. येशिवेची कोनशिला १९१४ मध्ये बसवली गेली, पहिल्या महायुद्धामुळे काम रखडले आणि १९२३ मध्ये ती सुरू झाली. पुढे इस्राएलचे सेफार्दी (म्हणजे स्पेन आणि पूर्वेकडील देशांची परंपरा पाळणाऱ्या ज्यूंचे) प्रमुख रब्बी झालेले ओवादिया योसेफ आणि मोर्देखाय एलियाहू हे दोघेही इथलेच विद्यार्थी.

‘घरी परत आली’ या शब्दांबाबत मात्र थोडे सावकाश बोलावे लागेल. १९४८ च्या अरब-इस्राएल युद्धात २८ मे रोजी जुन्या शहरातील ज्यू वस्तीने जॉर्डनच्या अरब लीजन या सैन्यापुढे शरणागती पत्करली, तिथल्या रहिवाशांना बाहेर पडावे लागले आणि पोरात योसेफची इमारत त्या युद्धात उद्ध्वस्त झाली. पवित्र स्थळांपर्यंत मोकळेपणाने जाता येईल असे १९४९ च्या शस्त्रसंधी करारात लिहिलेले होते, पण ते कलम अमलात आले नाही आणि पुढची १९ वर्षे कोणाही इस्राएली ज्यूला त्या ढिगाऱ्यापाशी जाता आले नाही. येशिवा मात्र बंद पडली नाही. शिक्षक आणि विद्यार्थी शहराच्या पश्चिम भागात जमले आणि गेऊला या मोहल्ल्यात तिचे नवे घर उभे राहिले. जून १९६७ च्या युद्धानंतर जुनी जागा इस्राएलच्या ताब्यात आली, वास्तुरचनाकार मोशे सफदी यांच्या आराखड्यानुसार तिथे नवी वास्तू बांधण्यात आली, आणि आपण पाहिलेल्या कमानी त्याच. म्हणजे जागा जुनी असली तरी इमारत नवी आहे, आणि गेऊलातली येशिवाही तिथेच राहिली. संस्था जुन्या घरी पुन्हा नांदू लागली हे खरे, पण दुसरे घर मोडून ती परत गेली असे झाले नाही.

या परतीची किंमत इतरांनीही मोजली, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. पश्चिमी भिंतीसमोरचे विस्तीर्ण पटांगण १९६७ पूर्वी नव्हते. तिथे मूळच्या उत्तर आफ्रिकी मुस्लिमांचा मगरेबी मोहल्ला होता आणि त्यातली सुमारे १३५ घरे १० जूनच्या रात्रीपासून अवघ्या एक-दोन दिवसांत पाडण्यात आली. एप्रिल १९६८ मध्ये ज्यू वस्ती आणि तिच्या आसपासची सुमारे २९ एकर जमीन सरकारने संपादित केली. तिच्यात अरब मालकीची बरीच मालमत्ता होती, आणि १९४८ मध्ये स्वतःच निर्वासित होऊन तिथे राहायला आलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांनाही पुन्हा घर सोडावे लागले. आपले जुने घर परत मिळावे म्हणून एक पॅलेस्टिनी रहिवासी न्यायालयात गेला, पण इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्याची मागणी फेटाळली. ज्या युद्धाने एका पाठशाळेला तिची जागा परत दिली त्याच युद्धाने शेजारच्या घरांना कुलूप लावले, आणि माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगणे हेच प्रामाणिक इतिहासकथन होय.

या संदर्भात मला सर्वांत हृद्य वाटते ती तोरात हयीम या येशिवेची हकीकत. ही येशिवा १८८६ मध्ये स्थापन झाली आणि पुढे जुन्या शहराच्या मुस्लिम भागातील वास्तूत नांदू लागली. १९३६ च्या दंगलीनंतर तिथे राहणे अशक्य झाले, तेव्हा शिक्षकांनी दाराची किल्ली एका अरब राखणदाराच्या हाती दिली आणि ते निघून गेले. राखणदाराने आणि त्याच्या मागे त्याच्या भावाने ती वास्तू सांभाळली. १९४८ चे युद्ध झाले, जॉर्डनची राजवट आली, जुन्या शहरातील बहुतेक ज्यू प्रार्थनास्थळे आणि पाठशाळा उद्ध्वस्त झाल्या, पण हे दार बंदच राहिले. १९६७ मध्ये ते उघडले तेव्हा आत हजारो ग्रंथ सुरक्षित होते. एवढ्या वर्षांत त्या किल्लीवर हक्क सांगायला कोणी येईल याची राखणदाराच्या कुटुंबाला कोणतीही खात्री नव्हती, तरीही त्यांनी ठेव म्हणून ती जपली. पुढे मात्र या वास्तूत तोरात हयीम परतली नाही. अतेरेत कोहानीम ही नवी येशिवा तिथे आली आणि त्या संस्थेशी जोडलेल्या लोकांनी मुस्लिम वस्तीत चालवलेली घरांची खरेदी आजही तीव्र वादाचा विषय आहे. भिंती, ग्रंथ आणि किल्ली हे सारे परत मिळूनही मूळ पाठशाळा परतली नाही, असे हे उदाहरण आहे.

आता युरोप. तिथे जवळजवळ कोणीच परतले नाही, आणि त्याचे कारण इमारतींत नाही. आज बेलारूसमध्ये असलेल्या मीर गावची येशिवा १९३९ मध्ये लिथुआनियातील विल्नियसकडे निघाली. १९४० मध्ये कौनासमधील जपानी वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी दिलेल्या व्हिसांमुळे ती सैबेरियामार्गे जपानमधील कोबेला आणि तिथून १९४१ मध्ये शांघायला पोहोचली. शांघायमध्ये तिचे विद्यार्थी ज्या बेथ आहरोन प्रार्थनागृहात बसून शिकत ते सायलस हार्डून यांनी बांधलेले होते, आणि हार्डून हे बगदादमध्ये जन्मून मुंबईत वाढलेले गृहस्थ होते. तालमुद जोडीने शिकतात. मध्ये ग्रंथ ठेवून दोघे समोरासमोर बसतात आणि चढ्या आवाजात एकमेकांना खोडून काढतात. युद्धाची बातमी येत असताना चीनमधल्या त्या दालनात हा आवाज थांबला नाही. युद्धानंतर ही मंडळी मीरला गेली नाहीत, कारण तिथे त्यांना ओळखणारे कोणी उरलेच नव्हते. काही न्यूयॉर्कला गेली, तर जेरुसलेममध्ये १९४४ मध्येच सुरू झालेली मीर येशिवा आज जगातील सर्वांत मोठ्या येशिवांपैकी एक आहे.

पोलंडमधील लुब्लिनची येशिवा याच्या उलट आहे. रब्बी मेयर शापिरो यांनी १९३० मध्ये लुबार्तोव्स्का रस्त्यावर सहा मजली वास्तू उभारून ती सुरू केली. जगभरातील ज्यूंनी तालमुदाचे तेच एक पान त्याच दिवशी वाचावे, ही १९२३ मध्ये व्हिएन्नात मांडलेली कल्पना त्यांचीच. १९३९ मध्ये जर्मनांनी येशिवा बंद केली, युद्धानंतर इमारतीत वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि २००३ मध्ये ती वॉर्सातील ज्यू समाजाला कायदेशीररीत्या परत मिळाली. २००७ मध्ये तिथले प्रार्थनादालन दुरुस्त करून पुन्हा खुले झाले. मालकी परत आली, दालन परत आले, पण ज्यांच्यासाठी ते बांधले ते विद्यार्थी आणि त्यांना पाठवणारी गावे नाहीशी झाली होती. इमारतीच्या मोठ्या भागात आता हॉटेल आहे. शापिरोंचे ते रोजचे पान मात्र जेरुसलेम, न्यूयॉर्क, लंडन इथे दररोज वाचले जाते. २,७११ पानांचे आवर्तन पुरे व्हायला सुमारे साडेसात वर्षे लागतात आणि सध्याचे आवर्तन जानेवारी २०२० मध्ये सुरू झाले आहे.